बुटीक ट्यूब अ‍ॅम्प: नव्याने घेणाऱ्याने कुठून सुरुवात करावी

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलात की कारागीर आधी विचारतो, गाणार कोण, पट्टी कुठली. मग तो घोडीवर जवारी घासत बसतो, तारेखाली सुताचा बारीक दोरा घालतो, तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवतो, आणि एका जागी आल्यावर तीच तार एकदम बोलायला लागते, एका सुरातून वरचे चार सूर ऐकू यायला लागतात. इलेक्ट्रिक गिटारवाले आपण लोक ज्या ट्यूब अ‍ॅम्पच्या, म्हणजे काचेच्या वॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, मागे वेडे होतो ना, त्यातही नेमकं हेच असतं, मूळ सुरावर चढलेले वरचे सूर, आणि ते किती चढवायचे हे वाजवणाऱ्याच्या बोटात. ज्याला हे जग नवीन आहे त्याच्यासाठी सगळं एका जागी लिहून काढतोय, कारण मला हे असं सलग कुणी सांगितलं नव्हतं आणि मी दोन वर्षं चुकीच्या गोष्टींवर पैसे घालवले.

व्हर्सटाइल अ‍ॅम्प म्हणजे चार चॅनल, तीस नॉब आणि पायाखाली फूटस्विच असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. आता मत बरोबर उलटं आहे. एक चॅनल आणि दोन-तीन नॉबवाला चांगला ट्यूब अ‍ॅम्प एकाच सेटिंगवर ठेवून, फक्त पिकचा जोर आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब यांच्यावर क्लीन म्हणजे स्वच्छ आवाजापासून पार फाटलेल्या आवाजापर्यंत जातो, आणि मधल्या सगळ्या छटा देतो ज्या चॅनल बदलून कधीच मिळत नाहीत. पुढचं सगळं हे डोक्यात ठेवून वाचा.

पायरी १: बुटीक म्हणजे नक्की काय

लहान वर्कशॉप, एक माणूस किंवा मोजकी माणसं, हाताने जोडलेला अ‍ॅम्प, इतकंच. हे आलं कुठून तर १९५० आणि ६० च्या दशकातले फेंडर, व्हॉक्स, मार्शल हे अ‍ॅम्प हाताने जोडलेले होते, नंतर मोठ्या कंपन्या प्रिंटेड सर्किट बोर्डावर गेल्या, सर्किटंही बदलली, आणि जुने अ‍ॅम्प महाग व्हायला लागले. तेव्हा जे लोक हे जुने अ‍ॅम्प दुरुस्त करत होते त्यांच्यातल्याच काहींनी स्वतःचे बनवायला घेतले. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने छोट्याशा फेंडर प्रिन्स्टनमधे दणकट ट्रान्सफॉर्मर आणि १२ इंची स्पीकर बसवून त्याचं रूपच पालटलं, त्यातून मेसा बूगी उभी राहिली. लॉस एंजेलिसला अलेक्झांडर डंबल एकेका वादकाचं वाजवणं ऐकून त्याच्यासाठी अ‍ॅम्प जुळवायचा, अगदी मिरजेच्या कारागिरासारखा, आणि सर्किट कुणी कॉपी करू नये म्हणून त्यावर इपॉक्सी ओतून ठेवायचा. २०२२ मधे तो गेला, त्याचे अ‍ॅम्प आज एक लाख डॉलरच्याही वर जातात, त्यामुळे ते आपण फक्त ऐकायचे.

दुसरं मोठं नाव केन फिशर. अ‍ॅम्पेग कंपनीत काम केलेला माणूस, पुढे ट्रेनरेक नावाने स्वतःचे अगदी मोजके अ‍ॅम्प बनवले, आणि प्रत्येक अ‍ॅम्पला सिरियल नंबरऐवजी बाईचं नाव द्यायचा. हे सगळं न्यू जर्सीत कोलोनियाला, म्हणजे एडिसन-आयसेलिनच्या शेजारी. ओक ट्री रोडवर भाजी आणि फरसाण घ्यायला जाणारे आपले हजारो मराठी लोक तिथून काही मिनिटांच्या अंतरावर राहतात आणि बहुतेकांना याचा पत्ता नसतो, मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली आणि थोडी हळहळही, कारण २००६ मधे तो गेला होता.

१९८९ मधे मॅचलेस कंपनी सुरू झाली, त्याच सुमारास क्लीव्हलंडची डॉक्टर झी, मग इलिनॉयची व्हिक्टोरिया, नॉर्थ कॅरोलायनाची कार, टोन किंग, टू-रॉक अशी रांग लागली.

"हँडवायर्ड" या शब्दावर मात्र भाळू नका. हाताने जोडल्यामुळे आवाज आपोआप गोड होत नाही, तो सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरने ठरतो. हँडवायर्डचा खरा फायदा हा की वीस वर्षांनी एखादा पार्ट गेला तर कुठलाही जाणकार माणूस तो काढून नवा लावू शकतो, आणि आपल्याकडे जिथे कंपनीचं सर्व्हिस सेंटर हजारो मैलांवर असतं तिथे हे फार मोठं आहे.

पायरी २: आधी घराणं ठरवा

ब्रँड शेकड्याने आहेत पण घराणी मुख्य चारच, आणि बहुतेक बुटीक अ‍ॅम्प यातल्या एकाचे किंवा दोघांचे शागीर्द असतात. हे ओळखता आलं की जाहिरातीतला निम्मा गोंधळ संपतो.

पहिलं ट्वीड. १९५० च्या दशकातले फेंडर, पिवळसर कापडात गुंडाळलेले म्हणून ते नाव. यातला सगळ्यात लाडका म्हणजे डीलक्सचं ५ई३ सर्किट, १९५५ ते ६० मधलं, दोन ६व्ही६ ट्यूब, साधारण १२ वॅट, एक १२ इंची स्पीकर, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, संपलं. आवाज उबदार, मिड म्हणजे मधले सूर भरपूर, लवकर फुटतो म्हणजे खरखरायला लागतो, आणि फुटताना खाली बास जरा सैल होतो. काहींना तो सैलपणा आवडत नाही, मला फार आवडतो.

दुसरं ब्लॅकफेस, १९६० च्या दशकातले काळ्या पॅनेलचे फेंडर. डीलक्स रिव्हर्ब २२ वॅट, ट्विन रिव्हर्ब ८५ वॅट. मिड खोल गेलेले, वर चकाकी, रिव्हर्ब (घुमारा) आणि ट्रेमोलो (आवाजाची थरथर) आतच. क्लीन वाजवणाऱ्याला आणि पेडल, म्हणजे पायाने दाबायचे इफेक्टचे डबे, वापरणाऱ्याला हे घराणं सगळ्यात सोयीचं. डंबलचा क्लीन आवाजही याच घराण्यातून निघाला.

तिसरं व्हॉक्स. इंग्लंडात केंटमधल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्जची कंपनी आणि डिक डेनीचं डिझाइन, १९५० च्या दशकाच्या शेवटी एसी१५ आणि एसी३० आले. एसी३० मधे चार ईएल८४. तारा छेडल्या की छोट्या घंटा वाजल्यासारखं वाटतं, आणि जोरात वाजवलं की घोगरा गुरगुराट. मॅचलेसचा डीसी-३०, डॉक्टर झीचे ईएल८४ वाले अ‍ॅम्प या बाजूचे. आणि हा ईएल८४ आपल्याला परका नाही बरं का, घरोघरच्या जुन्या वॉल्व्हच्या रेडिओत आवाजाला जोर देणारा वॉल्व्ह पुष्कळदा हाच असायचा. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता, बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स वॉल्व्ह बनवायची, त्यामुळे ट्यूब ही वस्तू आपल्या आजोबांच्या ओळखीची आहे, ते तिला वॉल्व्ह म्हणायचे आणि इंग्लंडचे लोक अजूनही तेच म्हणतात.

चौथं मार्शल. लंडनच्या हॅनवेलमधे जिम मार्शलचं ड्रमचं आणि वाद्यांचं दुकान होतं, तिथे १९६२ मधे जेटीएम४५ तयार झाला, आणि तो होता फेंडरच्या ट्वीड बासमनच्या ५एफ६-ए सर्किटवर बेतलेला. म्हणजे सर्किट जवळपास तेच, पण ट्यूब, ट्रान्सफॉर्मर वेगळे, आणि उघड्या पाठीच्या चार १० इंची स्पीकरऐवजी बंद पाठीचं चार १२ इंची कॅबिनेट, आणि आवाज पार बदलला. पुढे ईएल३४ ट्यूब आल्या आणि रॉकचा तो दाट, मिड पुढे काढणारा आवाज पक्का झाला. ट्रेनरेक एक्सप्रेस याच बाजूला झुकणारा.

घराणं ठरवायला एक साधी पद्धत. तुम्हाला आवडणारी दहा गाणी काढा, त्यातली गिटार कुठल्या अ‍ॅम्पवर वाजलीय ते शोधा. दहातली सहा एका घराण्याची निघतात, जवळजवळ नेहमीच. ते तुमचं घराणं.

पायरी ३: आत काय चालतं, थोडक्यात

गिटारचा सिग्नल अगदी बारीक असतो. तो आधी छोट्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबमधे मोठा होतो, बहुधा १२एएक्स७, जिचं युरोपियन नाव ईसीसी८३, दोन्ही एकच, दुकानात गोंधळू नका. मग तो पॉवर ट्यूबकडे जातो, तिथून आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि मग स्पीकर. ट्यूबवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त लादलं की ती लाटेचा माथा एकदम कापत नाही, हळूहळू गोल करत आणते, आणि त्यातून ते वरचे सूर जन्माला येतात. हाच तो फुटलेला आवाज.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या कारण हाताला जे जाणवतं ते यातून येतं. एक रेक्टिफायर. मेन्सची एसी वीज डीसी करायला जुन्या अ‍ॅम्पमधे ट्यूब असते, ५ई३ मधे ५वाय३, एसी३० मधे जीझेड३४. जोरात कॉर्ड मारली की पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट ओढतात, रेक्टिफायर ट्यूबला तेवढा पुरवता येत नाही, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि पुन्हा वर येतं. ऐकायला काय येतं तर सुरुवातीचा ठोका जरा दबतो आणि मग सूर फुगत वर येतो, पेटीच्या भात्यात हवा भरावी तसा. याला सॅग म्हणतात. ट्यूबऐवजी डायोड असलेल्या अ‍ॅम्पमधे हे फार कमी, ठोका लगेच आणि कडक येतो, फास्ट रिफ वाजवणाऱ्याला तेच हवं असतं.

दुसरी निगेटिव्ह फीडबॅक. स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा मागे देतात, त्याने अ‍ॅम्प शिस्तीत राहतो, क्लीन जास्त वेळ टिकतो पण फुटला की पटकन फुटतो. ५ई३ आणि एसी३० मधे ही फीडबॅक नाही, म्हणून त्यांचा क्लीन आणि फुटलेला आवाज यांच्यामधे रेघ मारता येत नाही, एकातून दुसरा नकळत निघतो. बोटाने आवाज बदलायचा असेल तर असे अ‍ॅम्प आधी ऐका.

पायरी ४: वॅट कमी घ्या, अजून कमी घ्या

नवीन माणूस इथे हमखास चुकतो. १०० वॅट म्हणजे १० वॅटच्या दहापट आवाज असं नसतं. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १० डेसिबल, आणि कानाला ते साधारण दुप्पट वाटतं. म्हणजे ५० ऐवजी २५ वॅटचा घेतला तर फरक जेमतेम कळतो.

आणि गिटारचा चांगला १२ इंची स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल देतो. एका वॅटवर! निवासी भागाची सरकारी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सोसायटीतल्या टूबीएचकेमधे १२ वॅटचा ट्वीड फुटेपर्यंत वाढवला तर खालच्या मजल्यावरचे काका वर येणारच, आणि त्यांचं काही चुकत नाही.

घरासाठी ५ ते १५ वॅट पुरे, छोट्या गिगलाही १५ ते २२ वॅट माइक लावून आरामात चालतं. तरी घरी आवाज जास्तच होणार, त्यासाठी अटेन्युएटर घ्या. हा डबा अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे बसतो आणि पॉवर उष्णतेत घालवतो, म्हणजे ट्यूब घाम गाळतात आणि खोलीत आवाज बेताचा. टोन किंग इम्पीरियलसारख्या काही अ‍ॅम्पमधे तो आतच असतो. फार जास्त दाबलं तर आवाज बोथट होतो, त्याला थोडा अ‍ॅम्प जबाबदार असतो आणि थोडा आपला कान, कमी आवाजात कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात. म्हणून घरी छान लागलेलं सेटिंग स्टेजवर जसंच्या तसं लावू नका, बास जरा कमी करा, नाहीतर सगळा घोळ ऐकू येतो.

पायरी ५: प्लग लावण्याआधी थांबा

हा भाग घाईत वाचू नका, इथे पैसेही जातात आणि जीवही जाऊ शकतो.

अमेरिकेतला अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. माझ्या एका मित्राने बहिणीच्या सामानातून आलेला अ‍ॅम्प नुसता पिन अडॅप्टर लावून भिंतीत घातला, एक सेकंद उजेड झाला आणि फ्यूज गेला, नशीब की ट्रान्सफॉर्मर वाचला. ऑर्डर देतानाच बिल्डरला २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मागा, बहुतेक लहान बिल्डर तो देतात, तेच सगळ्यात चांगलं. नाहीतर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, अ‍ॅम्पच्या पाठीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा. पण स्टेप-डाऊन व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. त्यामुळे पहिले काही दिवस तासाभराने हात जवळ नेऊन बघा.

अर्थिंग तपासा. जुन्या वाड्यात, जुन्या चाळीत बऱ्याचदा तिसऱ्या पिनमधे काहीच नसतं. मग अ‍ॅम्प घूं घूं करतो, आणि गिटार हातात धरून माइकला ओठ लागले की झटका बसतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या, आणि घूं थांबावी म्हणून तिसरी पिन तोडायची आयडिया कुणी दिली तर त्याचं बिलकूल ऐकू नका.

स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीच चालू करायचा नाही. सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्या अ‍ॅम्पला चालतं, ट्यूबला नाही, लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधे प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि तो जळू शकतो, आणि अ‍ॅम्पमधला सगळ्यात महागडा भाग बहुतेक तोच. ओहमही जुळवा, ८ च्या सॉकेटला ८ चा स्पीकर. दोन ८ ओहमचे स्पीकर पॅरलल जोडले तर ४ होतात, सिरीजमधे १६. आणि अ‍ॅम्पपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकर केबलच वापरा, गिटारची केबल दिसायला सारखी असली तरी तिची तार बारीक असते.

अ‍ॅम्प उघडू नका. आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमधे ते साठून राहतात. ज्याला ते सुरक्षितपणे उतरवता येतात त्यानेच आत हात घालावा.

पायरी ६: पहिला तास

आता मजा. मी ५ई३ धरून सांगतो, बाकीच्यांना थोड्या फरकाने लागू होतं.

अ‍ॅम्प चालू करा, स्टँडबायचा स्विच असेल तर तो लावण्याआधी ट्यूब गरम होईपर्यंत मिनिटभर थांबा. एकही पेडल नको, गिटार थेट अ‍ॅम्पमधे. गिटारचे सगळे नॉब १० वर, नेकचा पिकअप. अ‍ॅम्पचा टोन मधोमध, व्हॉल्यूम २ वर. ट्वीडचे नॉब १२ पर्यंत जातात, त्यामुळे मधोमध म्हणजे ६, हे लक्षात असू द्या.

ओपन ई मेजर वाजवा, आधी अगदी हलक्या हाताने, मग जोरात. दोन्ही वेळा क्लीनच येईल. व्हॉल्यूम अर्ध्या घराने वाढवा, परत हलकं, परत जोरात. असं करत जा, घाई नको. साधारण ४ च्या आसपास अशी जागा येते जिथे हलक्या हाताने आवाज काचेसारखा स्वच्छ असतो आणि जोरात मारलं की कडा खरबरीत होतात, जाड तारेला जरा गुरगुर येते. तिथेच थांबा. तंबोऱ्याच्या दोऱ्याची ती जागा हीच. खडूने, मार्करच्या टेपने, कशानेही खूण करून ठेवा.

आता अ‍ॅम्पला हात लावायचा नाही, पुढचा अर्धा तास फक्त गिटार. गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणा, खरबरीतपणा बराच जातो, रिदमला उत्तम. ५ वर आणा, पूर्ण क्लीन, आवाज फारसा पडत नाही हे बघा, कारण फुटलेला सिग्नल आधीच दबलेला असतो, तुम्ही दाब काढताय, आवाज नाही. ३ वर जॅझसारखं मऊ. परत १० वर नेऊन ब्रिज पिकअप टाका आणि एक लीड वाजवा. मग पिक बाजूला ठेवून अंगठ्याने वाजवा. अ‍ॅम्पच्या एका सेटिंगवर पाच आवाज झाले आणि फूटस्विच एकही नाही. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मातकट होत असेल तर गिटारमधे ट्रेबल ब्लीड बसवून घ्या, एक छोटा कपॅसिटर आणि बहुधा एक रेझिस्टर, काम संपलं.

हे जमल्यावर ५ई३ ची एक खास गंमत बघा. गिटार ज्या चॅनलमधे नाही त्या चॅनलचा व्हॉल्यूम फिरवा. काही होऊ नये ना? होतं. दोन्ही व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे रिकाम्या चॅनलचा नॉब तुमच्या आवाजाचा पोत बदलतो, कुठे ट्रेबल उजळतो, कुठे आवाज आखडतो. तीन नॉबच्या अ‍ॅम्पमधे मी एक अख्खा रविवार याच्यावर घालवलाय.

दुसऱ्या घराण्यांसाठी थोडं थोडं. व्हॉक्सवर कट नावाचा नॉब उलटा चालतो, वाढवला की वरचे सूर कमी होतात, हे माहीत नसलं की माणूस गोंधळतो. व्हॉक्सच्याच टॉप बूस्ट चॅनलवर बास आणि ट्रेबल दोन्ही खूप वाढवले की मिड गायब होतात, मग बँडमधे गिटार ऐकूच येत नाही, म्हणून तिथे हात आखडता. डीलक्स रिव्हर्बला मिडचा नॉबच नाही, तिथे बास आणि ट्रेबल कमी केले की मिड आपोआप पुढे येतात. जुन्या पद्धतीच्या चार इनपुटच्या मार्शलवर छोट्या पॅच केबलने दोन्ही चॅनल जोडा, ब्राइट चॅनलमधून धार आणि नॉर्मलमधून जाडी, दोघांचं प्रमाण व्हॉल्यूमने ठरवा, ईक्यूच्या नॉबपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पायरी ७: पेडल आणि स्पीकर

पेडल आठवडाभराने काढा. ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्ह मिड पुढे काढतो, त्यामुळे ब्लॅकफेसच्या खड्ड्यात तो बरोबर बसतो, ट्वीडवर मात्र मिड आधीच जास्त असल्याने नाक बंद झाल्यासारखं होतं. सेटिंग ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त, म्हणजे फोडायचं काम अ‍ॅम्पकडेच राहतं. व्हॉक्सला ट्रेबल बूस्टर फार जुळतो. बऱ्याच बुटीक अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप, म्हणजे प्रीअ‍ॅम्पनंतर पेडल जोडायची जागा, नसतो, आणि अ‍ॅम्प फुटलेला असताना पुढे लावलेला डिले (प्रतिध्वनीचं पेडल) चिखल करतो, तेव्हा डिलेचा मिक्स कमी ठेवा किंवा लूपवाला अ‍ॅम्प शोधा.

अ‍ॅम्प बदलण्याआधी स्पीकर बदलून बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो. सेलेस्टियन ग्रीनबॅक २५ वॅटचा, मऊ, मिड जरा खरखरीत. व्हिंटेज ३० नावात ३० असलं तरी ६० वॅटचा, वरचे मिड टोकदार. अ‍ॅल्निको ब्लू फक्त १५ वॅटचा आणि महाग, पण व्हॉक्सची घंटा तोच वाजवतो. स्पीकरचे वॅट अ‍ॅम्पपेक्षा जास्त हवेत, फुटल्यावर अ‍ॅम्प लिहिलेल्यापेक्षा जास्त पॉवर देतो.

पायरी ८: विकत घेताना, आणि नंतर

नवा बुटीक अ‍ॅम्प आयात खर्च धरून फार महाग पडतो. दुसरे रस्ते आहेत. मलेशियाची सेरिअटोन जुन्या आणि दुर्मिळ अ‍ॅम्पच्या सर्किटवर हँडवायर्ड अ‍ॅम्प आणि किट बनवते. ५ई३ चं किट हे पहिल्या किटसाठी नेहमी सुचवलं जातं, पार्ट कमी आहेत, पण जाणकार शेजारी बसलेला असेल तरच करा.

सेकंडहँड घेत असाल तर स्वतः जाऊन वाजवा, निदान अर्धा तास, कारण काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. मी एकदा "नुकतंच सर्व्हिसिंग झालंय" या शब्दावर एक घेतला, घरी आणल्यावर वीस मिनिटांनी घूं वाढायला लागली, फिल्टर कपॅसिटर जुनेच होते. तेव्हा हे बघा: गिटार न लावता व्हॉल्यूम वाढवून घूं किती, नॉब फिरवताना खरखर किती, आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर हलकी टिचकी मारली की स्पीकरमधून टण्ण आवाज किंवा शिट्टी येते का, येत असेल तर ती ट्यूब बदलावी लागणार, तो खर्च छोटा आहे. दिवे मालवून पाठीमागून पॉवर ट्यूब बघा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर उजेड दिसला तर घाबरू नका, तो चालतो. पण आतला राखाडी पत्रा लालबुंद होत असेल तर ताबडतोब अ‍ॅम्प बंद करा, बायस, म्हणजे ट्यूबमधून सतत किती करंट वाहावा याचं सेटिंग, बिघडलाय किंवा ट्यूब गेलीय.

पॉवर ट्यूब रोज वाजवणाऱ्याला एक-दोन वर्षं पुरतात, प्रीअ‍ॅम्पच्या कितीतरी जास्त टिकतात. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमधे पॉवर ट्यूब बदलल्या की बायस नव्याने लावावा लागतो, कॅथोड बायसवाल्यात, म्हणजे ५ई३ किंवा एसी३० मधे, बहुधा नाही. नव्या ट्यूब आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात, एक जोडी घरात जास्तीची ठेवा. अ‍ॅम्प फारच लवकर फुटत असेल तर पहिली १२एएक्स७ काढून १२एवाय७ लावून बघा, तिची वाढवायची ताकद निम्म्याहून कमी आहे, आणि ५ई३ मधे मुळात तीच होती.

दुरुस्तीसाठी शहरातले जुने रेडिओ रिपेअर करणारे काका शोधा. ज्यांनी वॉल्व्हचे सेट उघडलेत त्यांना हे सर्किट परकं नसतं, सर्किटचा कागद छापून घेऊन जा, चहा सांगा आणि त्यांच्याजवळ बसून बघा. पावसाळ्यात अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका, कापडाला बुरशी लागते आणि स्पीकरचा कागद ओल धरतो, आठवड्यातून एकदा तासभर चालू केला की आतलं दमट निघून जातं.

आणि गिग संपल्यावर रिक्षात टाकायच्या आधी दहा मिनिटं तो तसाच राहू द्या. ट्यूबच्या आतल्या तारा गरम असताना धक्के खाल्ले की लवकर जातात. तेवढ्या वेळात केबल गुंडाळून होतात, आणि आज नॉब कुठे होते ते वहीत लिहूनही होतं.